घराणं नसलेले मास्तर

पंधरा ऑगस्टला यवतमाळ जिल्ह्यात बहुधा पाऊस असतो, आणि पावसाळी हवेत चामडं सैल पडतं. शाळेच्या बँडमधला मोठा ढोल अशा सकाळी धड बोलत नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा भद्द आवाज येतो. प्लॅस्टिकची पानं सर्रास मिळू लागण्याआधी यावर एकच उपाय होता. ध्वजवंदनाच्या तासभर आधी वर्गांच्या मागे रद्दी पेटवायची आणि ढोल त्या धगीवर फिरवत राहायचं. फार तापलं तर पान फाटतं, कमी तापलं तर प्रभातफेरी चौकात पोचेपर्यंत पुन्हा उतरतं. शारीरिक शिक्षणाच्या पदवीत हे कोणी शिकवत नाही. ही विद्या गावातल्या डफडेवाल्याची. शाळेच्या मास्तरांनी ती त्याच्याकडूनच उचलली असणार, आणि बहुधा त्याचं नाव न घेता.

हे पुस्तक असे ढोल तापवणाऱ्या माणसांबद्दल आहे. शाळेच्या पगारपत्रकावर 'बँडमास्तर' असं पद शोधूनही सापडायचं नाही. कोणी पीटीचे सर असतात, कोणी चित्रकलेचे, कोणी इतिहास शिकवणारे पण तरुणपणी एनसीसीत बिगूल वाजवलेले. जुलैतल्या एखाद्या सभेत मुख्याध्यापक विचारतात, 'यंदा बँडचं कोण बघतं?' आणि जो वेळेवर मान खाली घालायला विसरतो त्याच्या गळ्यात तो पडतो. मग पंचवीस-तीस वर्षं तो तिथून निघत नाही. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना त्याच्या अध्यापनाचं, निकालाच्या टक्केवारीचं कौतुक होतं. बँड 'इतर उपक्रमांत' जातो.

आपल्या संगीताच्या इतिहासाला एकट्याचा गळा आवडतो. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा अशी घराणी आपण वंशावळीसारखी पाठ म्हणतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीत शिकवण्याला शाळेचं रूप दिलं, वर्ग पाडले, परीक्षा घेतल्या. पण त्या विद्यालयाची थोरवी सांगताना आपण नावं घेतो ती ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास यांची. म्हणजे पुन्हा मैफल गाजवणाऱ्यांचीच. जो मास्तर चाळीस पोरांना एका वेळी एकच काम करायला शिकवतो, त्याला या हिशेबात खातंच उघडलेलं नाही. त्याच्या यशाची अट अशी विचित्र आहे की त्याचा एकही विद्यार्थी वेगळा ऐकू येता कामा नये.

शिवाय गवयाचा शागीर्द दहा-बारा वर्षं गुरूपाशी बसतो. बँडमास्तरांचा शिष्य आठवीत येतो आणि दहावीचं वर्ष लागलं की घरचे त्याला काढून घेतात. विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पंधरा ऑगस्टला हाती उरतात सातेक आठवडे, आणि तेवढ्यात गेल्या वर्षीच्या अर्ध्या बँडच्या जागी नवी पोरं उभी करायची असतात. कोण डावरा आहे, कोणाचा हात जड आहे, कोणाला ताल कळतो पण पाय ऐकत नाही, हे पहिल्या आठवड्यात ओळखावं लागतं. म्हणजे जन्मभर दर वर्षी तोच बँड नव्याने उभा करायचा आणि तो जरा बरा वाजू लागला की एप्रिलमध्ये सोडून द्यायचा. कुठल्याही बुजुर्ग उस्तादाला हे काम सांगून पाहावं.

या कामात विद्या किती आहे याची बाहेरच्याला कल्पना नसते, म्हणून थोडं तपशिलात जातो. बिगुलाला ना भोकं ना कळा. फुंकेच्या जोरावर आणि ओठांच्या ताणावर त्यातून निघतात ते नैसर्गिक स्वरमालेतले चार-पाच सूर: सा, प, वरचा सा, त्याच्या पुढचा ग आणि प. रे, म, ध, नी मागूनही मिळत नाहीत. जगभरच्या लष्करी बिगुलाच्या सगळ्या हाका एकमेकींच्या बहिणी वाटतात त्या यामुळेच. म्हणजे बिगूलवाल्या पोराला राग शिकवता येत नाही. त्याला शिकवायचा असतो श्वास, आणि ओठ सुजले तरी वरचा सूर बसका न होऊ देणं. चाल बासरीवाल्यांच्या ताब्यात, लय साइड ड्रमच्या, आणि पाऊल मोठ्या ढोलाच्या. ढोल पडला की डावा पाय. हे एवढं जमलं की बँड उभा राहिला म्हणायचं.

जमत मात्र नाही, आणि दोष नेहमी पोरांचाच असतो असंही नाही. संचलनाची चाल मिनिटाला साधारण १२० पावलांची, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बँड पुढे आणि मागे शंभर मीटर लांब मुलांची रांग असेल, तर शेवटच्या मुलाला ढोल जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. अर्ध्या पावलाहून जास्त उशीर झाला. तो बिचारा ऐकू आलेल्या ठोक्यावर अगदी अचूक पाय टाकतो आणि पुढून पाहणाऱ्या पाहुण्यांना चुकलेला दिसतो. अनुभवी मास्तर हे गणित न मांडताही जाणून असतात. ते मोठा ढोल रांगेच्या मधोमध घेतात, किंवा मागच्या मुलांना सांगतात की कानावर जाऊ नका, पुढच्याच्या टाचेकडे बघा. जे नवखे असतात ते मागच्या मुलांना शिक्षा करतात.

यवतमाळपुरतं बोलायचं तर इथल्या पोराच्या कानावर ढोल शाळेत येण्याआधीच पडलेला असतो. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगावकडे गोंड आणि कोलामांचे दंडार, ढेमसा हे नाच. पुसद, दिग्रसच्या तांड्यांवर बंजाऱ्यांचा नगारा. पोळ्याला, वरातीला, मयतीला डफडं. आणि जिल्ह्याच्या गावी नवरात्रात दुर्गोत्सवाचा दणका, ज्याची तुलना यवतमाळकर थेट कलकत्त्याशी करतात. (करू द्यावी.) तेव्हा शाळेच्या मास्तरांकडे येणारं पोर कोरं नसतं. त्याच्या हातात आधीच एक लय असते, आणि ती बहुतेक वेळा कवायतीच्या चौकोनी लयीपेक्षा अवघड असते. ढेमशाच्या ढोलावर वाढलेल्या मुलाला 'एक-दो-एक' शिकवणं म्हणजे त्याला आधी थोडं विसरायला लावणं आहे. हे कळणारे मास्तर कमी. बहुतेकांनी त्या मुलाला 'बेताल' म्हणून झांजेवर ढकललं.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण शाळेच्या बँडबद्दलच्या गोड आठवणींत ती सहसा येत नाही. या मुलखात चामड्यावर हात टाकणं हे जातीचं काम होतं. डफडं वाजवणं हा हक्क म्हणून सांगितला जाई आणि वेठ म्हणून वसूल केला जाई. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत मेलेली ढोरं ओढण्याबरोबर वाजंत्रीचं हे कामही अनेकांनी ठरवून टाकून दिलं. आता अशा गावात शाळेचा ढोल पाहा. चामडं तेच, काठी तीच. पण गळ्यात पट्टा, अंगात पांढरा गणवेश, डोक्यावर तुरा, आणि ढोल कोणाच्या गळ्यात जाईल हे ठरतं खांद्याच्या रुंदीवर. पाटलाचं पोर ढोल वाजवत वेशीतून जातं आणि कोणी काही म्हणत नाही, कारण तो 'बँड' असतो. मला हा बदल मोठा वाटतो, आणि त्याला असलेली मर्यादाही तेवढीच खरी वाटते. गणवेश उतरला की ढोल पुन्हा ज्याचा त्याचा होई. शाळेत ढोलाने सोवळं मोडलं म्हणून गावात डफडेवाल्याला ओसरीवर बसायला मिळालं, असं झालं नाही.

लग्नाच्या बँडवाल्यांचंही तेच. लाल-सोनेरी कोट चढवलेला ट्रंपेटवाला आपल्या दारात तासभर वाजवतो आणि जेवणाच्या पंगतीत दिसत नाही. त्याच्यावर मन लावून पुस्तक लिहिलं ते न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ यांनी. 'ब्रास बाजा' हे त्यांचं पुस्तक २००५ साली आलं. मराठीत या विषयाला कोणी हात घातल्याचं माझ्या पाहण्यात नाही, याचं कारण मला तरी वर सांगितलेल्या ओसरीतच दिसतं.

समूहवादन शिकवणाऱ्या मास्तराला आपल्या शेजारात जर कुठे खरी जागा मिळाली असेल तर ती गोव्यात. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून पोरांना लिहा-वाचायच्या बरोबरीने सुरांची लिपी शिकवली जाई. सोल्फेज, व्हायोलिन, चर्चचं समूहगान. शिकवणारा तो मेस्त. त्याचा गावात मान पाद्रीच्या खालोखाल. या पाठशाळांतून निघालेली मुलं कागदावरचं संगीत पाहताक्षणी वाजवू शकत, आणि ज्या काळात हिंदुस्थानात ही विद्या दुर्मीळ होती त्या काळात लष्कराच्या पलटणी, संस्थानांचे बँड, मूकपटांची थिएटरं आणि पुढे मुंबईचे स्टुडिओ यांना अशीच माणसं हवी होती.

माजोर्डा गावच्या चर्चमधल्या अशा एका गायनमास्तरांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७. १९४०च्या दशकात तो मुंबईला आला, नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. पण वडिलांचा पेशा अंगातून गेला नव्हता. वांद्र्याच्या घरी तो शिकवू लागला. त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांत प्यारेलाल होते, राहुलदेव बर्मन होते. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्याने शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले, आणि रागांवर आधारलेल्या त्याच्या स्वतःच्या रचना वाजल्या. सारंगातला कंचेर्तो ही कल्पना आजही थोडी धाडसाचीच वाटते. १९६५च्या सुमारास तो अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेला, काही वर्षांनी परतला, आणि चित्रपटसृष्टीकडे न वळता माजोर्ड्यात जाऊन राहिला. २०१२च्या जानेवारीत तो वारला.

त्याचं नाव मात्र देशातल्या पोराटोरांना ठाऊक आहे, आणि कसं, ते पाहण्यासारखं आहे. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये नायकाचं आडनाव काय घ्यायचं असा प्रश्न आला तेव्हा प्यारेलालजींनी आपल्या गुरूचं सुचवलं. अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ जे नाव सांगतो ते एका संगीतशिक्षकाचं आहे, हे ते गाणं वरातीत वाजवणाऱ्या बँडलाही माहीत नसतं. गुरुदक्षिणा दिली तीही विनोदी गाण्यात. मराठीतले चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी पुढे गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांचा चेहरा तरी उरला. त्यांच्या वडिलांसारखे जे मेस्त गावातच राहिले, त्यांची नावं चर्चच्या वह्यांत असतील तर असतील.

बँडला आपण फार हलकं घेतो, पण या देशाचं राष्ट्रगीत ठरताना बँड हा मुद्दा होता. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांनी 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका दिली, तिथल्या वाद्यवृंदाने ते बसवलं. ऑगस्ट १९४८ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत जे निवेदन केलं, त्यात शब्दांपेक्षा चालीचा विचार पुढे होता: चाल वाद्यवृंदाला आणि लष्करी बँडला पेलणारी हवी. 'वंदे मातरम्' बँडवर बसत नाही, असा आक्षेप होता. त्या आक्षेपाशी झुंजले आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, नाट्यसंगीत आणि मैफल दोन्ही गाजवलेले. त्यांनी झिंझोटीत सुटसुटीत, चालत म्हणता येईल अशी रचना केली, मुंबई पोलीस बँडकडून ती वाजवून घेतली, दिल्लीत सदस्यांपुढे प्रात्यक्षिक करून दाखवलं. निर्णय २४ जानेवारी १९५० रोजी झाला तो आपल्याला माहीत आहे. मला इथे मोलाची वाटते ती कृष्णरावांची धडपड. मींडेवर हुकमत असलेल्या एका गवयाने, मींड जिथे चालत नाही अशा वाद्यांसाठी गाणं नव्याने बांधलं. पुढे बुद्धवंदनेला संगीत देण्याचं काम बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्याकडेच दिलं. अनेकांनी एकत्र म्हणायचं काही असलं की लोक त्यांच्याकडे जात, असा त्यांचा लौकिक झाला असावा.

आणि यवतमाळशी 'वंदे मातरम्'चं नातं त्याच्याही आधीचं. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून या घोषणेपायी काढला गेलेला केशव हेडगेवार नावाचा विद्यार्थी पुढे शिकायला आला तो इथल्या राष्ट्रीय शाळेत, तपस्वी बाबासाहेब परांजप्यांच्या हाताखाली; आणि ती शाळाही सरकारने टिकू दिली नाही. पोरांनी एका आवाजात काय म्हणायचं, यावरून शाळा बंद पडत असत असा तो काळ होता.

प्रभात फिल्म कंपनीत मास्टर कृष्णरावांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्यांत वसंत देसाई होते, मूळ सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचे. घराणं नसलं तरी धागा असतो तो असा. १९५३च्या 'श्यामची आई'तलं 'छडी लागे छमछम' त्यांचं, १९५७च्या 'दो आँखें बारह हाथ'मधलं 'ए मालिक' त्यांचं, १९७१च्या 'गुड्डी'तलं 'हमको मन की शक्ति देना' त्यांचं. यातली शेवटची दोन गाणी शाळांनी उचलली आणि प्रार्थना करून टाकली. उमरखेडपासून वणीपर्यंत कुठल्याही शाळेच्या पटांगणात सकाळी उभं राहावं, यातली एखादी ऐकू येतेच. देसाईंनी शाळकरी मुलांच्या मोठ्या समूहगानाचे कार्यक्रमही बसवले. त्यांच्या या चालींमधली युक्ती गाणाऱ्यालाच कळते. सुरांची झेप लहान, श्वास घ्यायला जागा ठरलेली, आणि वरचा सूर असा की सातवीतल्या, आवाज फुटायला लागलेल्या मुलालाही तो खेचावा लागू नये. हिंदी चित्रपटाच्या झगमगाटात बसून हा माणूस शाळामास्तरांचं काम करत होता.

आता आजचं. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. महाराष्ट्रात त्यातून 'अतिथी निदेशक' ही तोड निघाली, आणि कायम पदावरचा कला-क्रीडा शिक्षक हळूहळू दिसेनासा झाला. पाहुण्याने बँड बसवायचा कसा, हा मला पडलेला साधा प्रश्न आहे. बँडला दर दिवशी अर्धा तास देणारा, वाद्यांच्या खोलीची किल्ली सांभाळणारा, पान फाटलं तर स्वतःच्या खिशातून बदलणारा माणूस लागतो. तासिका मोजून येणाऱ्याकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

गंमत अशी की याच काळात बँडला सरकारी मानही आला. शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयं मिळून राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात. ब्रास आणि पाइप, मुलांचे आणि मुलींचे वेगवेगळे संघ, आणि अंतिम फेरी प्रजासत्ताकदिनाच्या तोंडावर दिल्लीत. २०२५च्या संचलनात राष्ट्रपतींच्या मंचासमोर वाजवायला उभा राहिला तो झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातल्या पटमदा इथल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचा मुलींचा पाइप बँड. निवासी सरकारी शाळा, आदिवासी भाग. पांढरकवडा आणि पुसद या दोन्ही ठिकाणी आपल्याकडे आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं आहेत, त्यांच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत, तिथली पोरं चोवीस तास आवारातच असतात, आणि ढोल त्यांना कोणी शिकवायचीही गरज नाही. उणीव आहे ती जागच्या जागी टिकणाऱ्या मास्तराची.

या पुस्तकाबद्दल दोन शब्द सांगून आटोपतो. यात वाद्यांच्या चालींची लिपी फारशी मिळणार नाही, कारण मास्तरांनी ती लिहिलीच नाही. 'ढम्-ढम्-ढमाढम्' असे बोल तोंडाने म्हणून दाखवायचे आणि पोरांनी मांडीवर वाजवून पाठ करायचे, ही पद्धत. मास्तर निवृत्त झाले की चाल त्यांच्याबरोबर जाते आणि नवे सर मोबाइलवरून नवी चाल बसवतात. म्हणून इथे जे आहे ते वाजवणाऱ्यांच्या आठवणीतून आलेलं आहे, आणि आठवणी एकमेकींशी भांडतात. एकाच शाळेच्या एकाच वर्षाच्या बँडमध्ये बिगूल कोणाकडे होता, यावर दोन साठीतले गृहस्थ हट्टाला पेटू शकतात. ते भांडण तसंच राहिलेलं बरं. खरं-खोटं करायला कागद कुठे आहे?

कागदासारखं जे थोडं आहे ते म्हणजे गॅदरिंगचे गटफोटो. बँडची पोरं पुढे मांडी घालून, ढोल मधोमध उभा, त्यावर शाळेचं नाव आणि साल रंगवलेलं, खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी. बँड बसवणारे मास्तर बहुधा मागच्या रांगेत कडेला उभे असतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा फोटो असेल, तर तो ट्रंकेतून काढून मागच्या बाजूला पेन्सिलने नावं लिहून ठेवावीत, डावीकडून सुरुवात करून. पेन नको, शाई पुढे उमटते.